अन्ननलिकेतील विरळ सौम्य अर्बुदांचे निदान : एक चिकित्सक समीक्षा

सारांश

अन्ननलिकेत आढळणारी सौम्य अर्बुदे संख्येने थोडी असली, तरी त्यांचे निदान हा वैद्यकीय विचारपद्धतीची कसोटी पाहणारा प्रश्न आहे. या अर्बुदांपैकी बहुसंख्य अर्बुदे अन्ननलिकेच्या आतील अस्तराखाली वाढतात. त्यामुळे पृष्ठभाग पाहणाऱ्या व पृष्ठभागाचा तुकडा घेणाऱ्या तपासण्या तेथे अपुऱ्या पडतात, प्रसंगी अपायकारकही ठरतात. प्रस्तुत लेखात बेरियम-चित्रण, एंडोस्कोपी, एंडोस्कोपिक सोनोग्राफी, सीटी व पेट स्कॅन आणि बायॉप्सी या साधनांची मर्यादांसह समीक्षा केली आहे. ‘गाठ कर्करोगाची आहे काय?’ या प्रश्नाआधी ‘गाठ कोणत्या थरातून निघाली आहे?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि बायॉप्सीचा निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असला पाहिजे, अशी या लेखाची मांडणी आहे.

बीजसंज्ञा : अन्ननलिका, सौम्य अर्बुद, लायोमायोमा, एंडोस्कोपिक सोनोग्राफी, बायॉप्सी, रुग्णवृत्त.

१. प्रस्तावना

घास अडकतो, अशी तक्रार घेऊन एखादा मध्यमवयीन रुग्ण आला की डॉक्टरांच्या मनात प्रथम कर्करोगाची शंका येते. ती येणे योग्यही आहे. अन्ननलिकेचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो आणि निदानातील विलंब रुग्णाला महागात पडतो. तथापि अशा रुग्णांपैकी मोजक्या काही जणांच्या अन्ननलिकेत असलेली गाठ सौम्य असते. ती वर्षानुवर्षे संथपणे वाढते, शरीरात अन्यत्र पसरत नाही आणि पुष्कळदा काहीही त्रास देत नाही.

या दोन शक्यतांमधील अंतर उपचारांत स्पष्ट दिसते. कर्करोगासाठी अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तर छाती व पोट या दोन्ही भागांत हस्तक्षेप करून अन्ननलिकेचा मोठा भाग काढावा लागतो आणि बहुधा जठराची नळी करून ती वर ओढून जोडावी लागते. त्या रुग्णाचे खाणेपिणे व झोपण्याची पद्धत ही सर्व कायमची बदलते. याउलट स्नायुस्तरातील सौम्य गाठ कवचातून बी काढावे तशी अलगद सोलून काढता येते व अन्ननलिका जागेवर राहते. गाठ लहान व त्रास न देणारी असल्यास शस्त्रक्रियेचीही गरज नसते. ठरावीक काळाने तपासणी पुरेशी होते. म्हणजेच निदानात चूक झाली तर एका बाजूला निरोगी अवयव गमावण्याचा आणि दुसऱ्या बाजूला मारक रोग निसटण्याचा धोका आहे. या दुहेरी धोक्याच्या संदर्भात प्रचलित निदानपद्धतीचे परीक्षण करणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

२. संज्ञाविचार

‘अर्बुद’ ही संज्ञा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची व अर्बुद यांचे विवेचन एकाच अध्यायात येते. गोल, स्थिर, मंद वेदनेचा, सावकाश वाढणारा व न पिकणारा मांसाचा उंचवटा असे अर्बुदाचे वर्णन तेथे केलेले आहे. हे वर्णन हाताला व डोळ्याला जे जाणवते त्यावर आधारलेले आहे. आधुनिक वैद्यकाने वर्गीकरणाचा आधार बदलला. गाठ कशी दिसते यापेक्षा ती कोणत्या पेशींची बनली आहे, यावरून तिचे नाव ठरू लागले. अन्ननलिकेच्या बाबतीत मात्र हा बदल सहजासहजी साधत नाही, कारण गाठीच्या पेशींपर्यंत पोहोचण्यासाठी आधी निरोगी अस्तर ओलांडावे लागते.

प्रौढ व्यक्तीची अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्या भिंतीत आतून बाहेर जाताना श्लेष्मकला, म्हणजे आतील ओलसर अस्तर, त्याखालील अधःश्लेष्मकला, त्यानंतर जाड स्नायुस्तर आणि शेवटी सैल संयोजी ऊतींचे वेष्टन असे थर लागतात. जठर व आतड्याला असते तसे बाह्य आवरण छातीतील अन्ननलिकेला नसते. श्लेष्मकलेच्या तळाशीही स्नायूंचा एक पातळ पदर असतो. अर्बुदांचे वर्गीकरण याच थरांनुसार करणे निदानाच्या दृष्टीने सर्वाधिक उपयुक्त ठरते.

स्नायूंपासून निघणारा लायोमायोमा हा यांतील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. सौम्य अर्बुदांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अर्बुदे या प्रकारची असतात. रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये त्याचे वर्णन केले. तो मुख्यतः अन्ननलिकेच्या मधल्या व खालच्या भागात आढळतो, कारण तेथील स्नायू अनैच्छिक प्रकारचे असतात. वरच्या भागात ऐच्छिक स्नायूंचे प्राबल्य असल्याने तो तेथे क्वचितच दिसतो. याशिवाय चेतातंतूंच्या आवरणपेशींपासून निघणारा ग्रॅन्युलर सेल ट्यूमर, चरबीचा लायपोमा, रक्तवाहिन्यांचा हिमँजिओमा, चेतातंतूंचाच श्वानोमा, अस्तरातून निघणारा चामखिळीसारखा पॅपिलोमा आणि गळ्यालगतच्या भागातून लोंबत वाढणारा फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिप हे प्रकार येतात. जन्मजात द्विरावृत्ती-कोष, म्हणजे अन्ननलिकेलगत राहून गेलेली द्रवाने भरलेली पिशवी, हे खऱ्या अर्थाने अर्बुद नव्हे. परंतु निदान करताना त्याचाही विचार करावा लागतो.

३. ‘विरळ’ या विशेषणाची चिकित्सा

या अर्बुदांचा उल्लेख बहुतेक ग्रंथांत ‘विरळ’ या विशेषणासह येतो आणि अन्ननलिकेच्या एकूण अर्बुदांत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असल्याचे सांगितले जाते. हे प्रमाण कोठे मोजले गेले, हा प्रश्न मात्र फारसा उपस्थित होत नाही.

मर्श व हॅरिंग्टन यांनी १९४४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील अनुभव प्रसिद्ध केला. गिळण्याचा त्रास असलेल्या ११,००० रुग्णांत त्यांना सौम्य अर्बुदे केवळ १५ जणांत आढळली. मात्र ७,४५९ शवविच्छेदनांत ती ४४ आढळली. पहिले प्रमाण सुमारे ०.१४ टक्के, तर दुसरे ०.५९ टक्के येते. प्लॅक्टा यांनी १९६२ मध्ये १९,९८२ शवविच्छेदनांचा आढावा घेतला. त्यांत अन्ननलिकेची ५०४ अर्बुदे आढळली व त्यांपैकी ९० सौम्य होती. म्हणजे शवविच्छेदनात अन्ननलिकेच्या दर सहा अर्बुदांपैकी जवळपास एक सौम्य होते.

या आकड्यांची संगती लावली तर एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेचे विकार अधिक सापडावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ही अर्बुदे त्रास नसणाऱ्यांसह सर्वांच्या शवविच्छेदनांत अधिक सापडली. म्हणजेच त्यांच्यापैकी बहुतांश आयुष्यभर मूक राहतात. रुग्णालयातील विरळपणा हा शरीरातील विरळपणा नव्हे, तो लक्षणांचा विरळपणा आहे. एंडोस्कोपी व सीटी स्कॅन अन्य कारणांसाठी मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्यापासून या मूक गाठी योगायोगाने उघड होऊ लागल्या आहेत. परिणामी डॉक्टरांपुढील प्रश्नाचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी ‘त्रास देणाऱ्या गाठीचे काय करावे?’ असा प्रश्न होता. आज ‘त्रास न देणाऱ्या गाठीबद्दल किती जाणून घ्यावे?’ हा प्रश्न अधिक वेळा पडतो. जुन्या निदानक्रमाची रचना पहिल्या प्रश्नासाठी झाली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

४. निदानसाधनांचे परीक्षण

(अ) बेरियम-चित्रण. बेरियमचे द्रावण गिळायला देऊन क्ष-किरण चित्र घेण्याची ही पद्धत आता जुनी मानली जाते. तरीही अस्तराखालील गाठ ओळखण्याचे तिचे सामर्थ्य दुर्लक्षिण्यासारखे नाही. शात्झ्की व हॉज यांनी १९४२ मध्ये अशा गाठींच्या क्ष-किरण स्वरूपाची चिकित्सा केली. बेरियमच्या प्रवाहात गुळगुळीत अर्धचंद्राकृती पोकळी दिसते, तिच्या कडा अन्ननलिकेच्या भिंतीशी स्पष्ट कोन करतात आणि वरचे अस्तर अखंड असते. कर्करोगात याउलट अस्तर खडबडीत, तुटलेले व आक्रसलेले दिसते. म्हणजे गाठ अस्तरातील की अस्तराखालील, हा पहिला भेद हे साधे साधन बऱ्याच अंशी करू शकते. अस्तराखालील गाठ नेमकी कोणत्या ऊतीची, हे मात्र त्यातून कळत नाही.

(आ) एंडोस्कोपी. दुर्बिणीतून अन्ननलिका प्रत्यक्ष पाहता येत असल्याने या तपासणीला निर्णायक मानण्याकडे कल असतो. येथेच सावधगिरी हवी. लायोमायोमात दुर्बिणीला दिसतो तो फक्त निरोगी अस्तराखालचा फुगवटा. त्यावरून अस्तर सरकते, दुर्बीण बहुधा अडथळ्याविना पुढे जाते, व्रण नसतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर पिवळसर पांढरा, टणक व दाढेसारखा दिसतो. लायपोमा मऊ व पिवळसर असून उपकरणाने दाबल्यास उशीसारखा दबतो. हिमँजिओमा निळसर दिसतो व दाबल्यास फिका पडतो. हे सर्व संकेत उपयुक्त आहेत. परंतु ते संकेतच आहेत. फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिपच्या बाबतीत तर एंडोस्कोपी फसू शकते. हा पॉलिप कित्येक सेंटीमीटर लांब असूनही त्यावरील अस्तर आजूबाजूच्या अस्तरासारखेच असते व त्याचा देठ गळ्यालगत असतो. तो भाग दुर्बीण वेगाने ओलांडते. उलटी किंवा खोकल्यासरशी अशी गाठ तोंडात येऊन श्वास गुदमरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. सौम्य या शब्दाचा अर्थ निरुपद्रवी असा नव्हे, हे या प्रकारावरून स्पष्ट होते.

(इ) एंडोस्कोपिक सोनोग्राफी. १९८० च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे साधन बसवण्यात यश आले आणि अस्तराखालील गाठींच्या निदानाची दिशा बदलली. या तपासणीत अन्ननलिकेची भिंत आलटून पालटून उजळ व गडद अशा पाच पट्ट्यांत दिसते. गडद, एकजिनसी व चौथ्या पट्टीतून, म्हणजे स्नायुस्तरातून निघणारी गाठ बहुधा लायोमायोमा असते. दुसऱ्या पट्टीतील, म्हणजे अस्तराच्या तळाशी असलेल्या पातळ स्नायुपदरातील लहान लायोमायोमाही असतात. तिसऱ्या पट्टीतील उजळ गाठ लायपोमा असण्याची शक्यता अधिक असते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या पट्टीत असतो. द्रवाने भरलेला कोष पूर्ण काळा दिसतो. गाठ भिंतीतील नसून बाहेरून दाब आलेला आहे, हेही याच तपासणीत समजते.

या तपासणीचे वैशिष्ट्य असे की ती थराचा प्रश्न थेट विचारते. तिच्या मर्यादाही आहेत. प्रतिमेचा अर्थ लावणे तपासणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. लायोमायोमा, श्वानोमा व पुढे विचारात घेतलेले जीआयएसटी हे तिन्ही गडद दिसतात आणि केवळ प्रतिमेवरून त्यांच्यात खात्रीने भेद करता येत नाही. थर सांगण्यात ही तपासणी समर्थ आहे. पेशी सांगण्यात नाही.

(ई) सीटी व पेट स्कॅन. सीटी स्कॅनमुळे गाठीचा आकार, शेजारच्या श्वासनलिकेशी व महाधमनीशी असलेला संबंध आणि छातीतील लसीका-ग्रंथी यांची माहिती मिळते. चरबीची घनता पाण्यापेक्षा कमी नोंदवली जात असल्याने लायपोमा ओळखणे त्यात सोपे जाते. पेट स्कॅनवर मात्र या संदर्भात विसंबता येत नाही. शर्करेचे अधिक ग्रहण करणारी गाठ मारक असावी, हे त्यामागील गृहीतक आहे. परंतु सौम्य लायोमायोमा व श्वानोमाही शर्करा मोठ्या प्रमाणात ग्रहण करताना आढळले आहेत. तपासणी जितकी महाग तितकी ती निर्णायक, हा समज येथे टिकत नाही.

५. बायॉप्सी : पुराव्याचा हट्ट आणि त्याची किंमत

‘तुकडा तपासल्याशिवाय निदान नाही’ हा आधुनिक वैद्यकाचा मान्य दंडक आहे. कर्करोगाच्या संदर्भात त्याचे महत्त्व वादातीत आहे. तथापि हा दंडक सरसकट लावला की काय घडते, याचे लायोमायोमा हे उत्तम उदाहरण आहे. दुर्बिणीतून घेतलेल्या साध्या चिमट्याच्या बायॉप्सीत वरचे अस्तर येते. गाठ त्याखाली असते. अहवाल ‘अस्तर निरोगी’ असा येतो. त्यावरून रुग्णाला दिलासा द्यावा, तर गाठीविषयी काहीच कळलेले नसते; शंका घ्यावी, तर बायॉप्सी पुन्हा व अधिक खोल केली जाते. प्रत्येक प्रयत्नाबरोबर अस्तर व गाठ यांच्यामध्ये व्रणवस्तू निर्माण होते आणि दोन्ही परस्परांना चिकटतात. पुढे गाठ सोलून काढण्याची वेळ आल्यास याच ठिकाणी अस्तर फाटण्याचा संभव वाढतो. छातीत अन्ननलिका फाटणे ही जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

छातीतील दुर्बिणीद्वारे गाठ सोलून काढण्याची पद्धत १९९२ मध्ये ब्रिटनमधून प्रथम नोंदवली गेली. २०१२ पासून अस्तराखाली बोगदा करून तोंडावाटेच गाठ काढण्याची पद्धतही प्रचारात आली. या दोन्ही पद्धतींचे यश अस्तर अखंड व सुटे असण्यावर बरेच अवलंबून असते. निदानाचा अनावश्यक पुरावा गोळा करताना उपचाराची अनुकूल परिस्थितीच बिघडवली जाते, हा यातील विरोधाभास आहे.

मात्र यावरून ‘बायॉप्सी नको’ असा उलट दंडक घालणेही तितकेच चुकीचे ठरेल. पॅपिलोमा अस्तरातच असतो. त्याचे निदान बायॉप्सीनेच होते आणि चामखिळीसारख्या वाढणाऱ्या कर्करोगापासून त्याचा भेद करणे आवश्यक असते. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर अस्तराच्या लगत असल्याने बायॉप्सीत तो बहुधा सापडतो. परंतु येथे वेगळाच धोका आहे. या गाठीवरील अस्तर कधीकधी कर्करोगाचा आभास व्हावा इतके बेसुमार वाढते. तुकडा उथळ असेल आणि त्यात खालच्या दाणेदार पेशी आल्या नसतील, तर सौम्य गाठीचे निदान कर्करोग म्हणून होऊ शकते. लायोमायोमात उथळ बायॉप्सी काही सांगत नाही. येथे ती चुकीचे सांगू शकते. हिमँजिओमाची बायॉप्सी रक्तस्रावाला निमंत्रण देते. द्विरावृत्ती-कोषात सुई घातल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो.

यावरून बायॉप्सीविषयीचा निर्णय दोन प्रश्नांवर आधारला पाहिजे, असे म्हणता येईल. पहिला, गाठ ज्या थरात आहे तेथपर्यंत हा तुकडा पोहोचणार आहे काय? दुसरा, मिळणाऱ्या उत्तराने उपचार बदलणार आहे काय? गाठ मोठी असून त्रासामुळे काढावीच लागणार असेल व तिचे स्वरूप लायोमायोमाचेच असेल, तर आधी तुकडा घेऊन साध्य काय होते, याचा विचार हवा. याउलट गाठ वेगाने वाढत असेल, तिच्या कडा अनियमित असतील, ती आतून एकजिनसी नसेल किंवा तिच्यावर व्रण असेल, तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुईने थेट गाठीतील पेशी घेणे समर्थनीय ठरते.

६. नावांची अस्थिरता

निदान म्हणजे अखेरीस नाव देणे. परंतु ही नावे स्थिर नाहीत. पचनमार्गातील स्नायुसदृश दिसणाऱ्या बहुतेक गाठींना दीर्घकाळ लायोमायोमा किंवा त्याचे मारक रूप लायोमायोसार्कोमा मानले जात असे. १९८३ मध्ये मझुर व क्लार्क यांनी जठरातील अशा गाठींपैकी अनेक गाठी स्नायूंच्या नसल्याचे दाखवून ‘स्ट्रोमल ट्यूमर’ ही संज्ञा वापरली. १९९८ मध्ये हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींत किट या जनुकातील बदल आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हापासून जीआयएसटी हा स्वतंत्र वर्ग दृढ झाला. या गाठी मारक होऊ शकतात आणि त्यांच्यावर इमॅटिनिबसारखे औषध लागू पडते. त्यामुळे हा भेद केवळ शब्दांचा उरला नाही.

जठरात जीआयएसटी अधिक व लायोमायोमा कमी असतात. अन्ननलिकेत नेमकी उलट स्थिती आहे. मिएटिनेन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अन्ननलिकेतील अशा गाठींचा नव्या कसोट्यांवर अभ्यास केला. त्यात ४८ लायोमायोमा, १७ जीआयएसटी व ३ लायोमायोसार्कोमा होते. म्हणजे जठराचा अनुभव अन्ननलिकेला जसाच्या तसा लावता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखालील रंजनपरीक्षांनी हा भेद होतो. लायोमायोमा डेस्मिन व स्मूथ मसल ॲक्टिन या प्रथिनांना प्रतिसाद देतो, जीआयएसटी सीडी११७ व डॉग१ यांना, तर श्वानोमा व ग्रॅन्युलर सेल ट्यूमर एस१०० ला. येथेही एक खाचखळगा आहे. लायोमायोमात विखुरलेल्या मास्ट पेशी सीडी११७ ला प्रतिसाद देतात. त्या पेशींना गाठीच्या पेशी समजल्यास सौम्य गाठीला जीआयएसटी ठरवले जाण्याचा संभव असतो.

अलीकडचे उदाहरण फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिपचे आहे. २०१८ मध्ये ‘मॉडर्न पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पूर्वी या नावाने नोंदल्या गेलेल्या महाकाय गाठींची जनुकीय फेरतपासणी करण्यात आली. त्यांतील अनेक गाठींत एमडीएम२ या जनुकाची वाढ आढळली व त्या प्रत्यक्षात लायपोसार्कोमा या मंदगती मारक प्रकारच्या असल्याचे दिसून आले. ज्या गाठीला सौम्य गाठींच्या यादीत निःशंक स्थान होते, तीच आता शंकेच्या कक्षेत आली आहे. देठाशी गाठ अपुरी कापली गेल्यास ती पुन्हा वाढते, या जुन्या निरीक्षणाचा अर्थही त्यामुळे नव्याने लावावा लागतो. जुन्या ग्रंथांतील टक्केवारी उद्धृत करताना ती कोणत्या कसोटीच्या काळातील आहे, हे सांगणे म्हणूनच बंधनकारक मानले पाहिजे.

७. रुग्णवृत्तांचा साचा

विरळ रोगांविषयीचे ज्ञान प्रामुख्याने रुग्णवृत्तांतून साठत जाते. या लेखनप्रकाराचा एक ठरावीक साचा झालेला दिसतो. शीर्षकात ‘विरळ’ किंवा ‘महाकाय’ हे विशेषण, नंतर तपासण्यांची यादी, काढलेल्या गाठीचे छायाचित्र, सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आणि ‘असे निदानही ध्यानात ठेवावे’ हा समारोप. या मांडणीत अंतिम निदान आरंभापासूनच लेखकाला ठाऊक असते व सर्व तपासण्या त्या दिशेने गेल्यासारख्या भासतात. पहिल्या भेटीत कोणती शंका घेतली गेली, कोणत्या अहवालाने दिशाभूल केली, किती वेळा व कशासाठी बायॉप्सी झाली, रुग्णाला कर्करोगाची शक्यता कोणत्या शब्दांत सांगितली गेली, यांविषयी बहुधा मौन असते. परिणामी वाचकाला दुर्मीळ वस्तू पाहिल्याचे समाधान मिळते. निर्णयप्रक्रिया मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा दोष निवडीचा आहे. मोठ्या व विलक्षण गाठींची वृत्ते छापली जातात. दहा वर्षे न वाढलेल्या लहान गाठीचे वृत्त सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक ज्या रुग्णाला ‘काही न करता थांबू या’ असे सांगायचे आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या प्रकारची माहिती अधिक मोलाची आहे.

८. भारतीय संदर्भ

भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगात पृष्ठपेशींपासून होणाऱ्या प्रकाराचे प्राबल्य आहे व तंबाखूसेवनाशी त्याचे नाते सुस्पष्ट आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील डॉक्टरांनी कर्करोगाची शंका प्रथम घेणे स्वाभाविक ठरते. दुसरा विशेष क्षयरोगाचा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. छातीच्या मध्यभागातील लसीका-ग्रंथी क्षयाने सुजल्यास त्या अन्ननलिकेवर बाहेरून दाब देतात आणि दुर्बिणीतून पाहताना निरोगी अस्तराखालील गाठीचा आभास होतो. पाश्चात्त्य ग्रंथांत या शक्यतेला मिळणारे स्थान आपल्याकडील गरजेच्या मानाने अपुरे आहे. अशा प्रसंगी सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने ग्रंथीतील पेशी घेणे योग्य ठरते, कारण निदान होताच औषधोपचारांनी रोग बरा होतो व शस्त्रक्रिया टळते. लायोमायोमात अनावश्यक ठरू शकणारी सुई येथे रुग्णाला वाचवते. थराचा प्रश्न आधी का सोडवावा, याचे याहून समर्पक उदाहरण सापडणे कठीण आहे.

एंडोस्कोपिक सोनोग्राफीची सोय व तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु तालुक्याच्या ठिकाणी एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांपुढे निरोगी अस्तराखालचा फुगवटा आला, तर तुकडा न घेता वर्णन व छायाचित्र नोंदवून रुग्णाला पुढे पाठवणे, हा निर्णय कोणत्याही नव्या उपकरणाविना घेता येतो. उपलब्ध असल्यास बेरियम-चित्रण त्याला जोडता येते.

९. एका आक्षेपाचा विचार

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. शंका असूनही तुकडा घेतला नाही व पुढे कर्करोग निघाला, तर जबाबदार कोण? अन्ननलिकेचा कर्करोग क्वचित अस्तराखालून पसरतो आणि अन्य अवयवांचे कर्करोगही भिंतीत गाठ निर्माण करू शकतात. हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही. म्हणूनच बायॉप्सीला स्थगिती देण्याची भूमिका केवळ अखंड अस्तर, गुळगुळीत कडा व सरकणारी गाठ यांपुरती मर्यादित ठेवली पाहिजे. अस्तर खडबडीत, व्रणयुक्त वा आक्रसलेले असल्यास बायॉप्सी तात्काळ व अनेक ठिकाणांहून झाली पाहिजे. तसेच स्थगिती म्हणजे विस्मरण नव्हे. पुढील तपासणी केव्हा व कशासाठी, हे लेखी नोंदवून रुग्णाच्या हाती दिले गेले नाही, तर संयम व हलगर्जीपणा यांत फरक उरत नाही.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. अन्ननलिकेतील सौम्य अर्बुदांचे ‘विरळ’ असणे हे पुष्कळ अंशी त्यांच्या मूकपणाचे फलित आहे. तपासण्या वाढतील तशी ती अधिक संख्येने समोर येतील. कोणतेही एक साधन संपूर्ण निदान देत नाही : बेरियम व एंडोस्कोपी अस्तराची स्थिती, सोनोग्राफी थर, सीटी स्कॅन शेजारसंबंध आणि रंजनपरीक्षा पेशींची जात सांगतात. या क्रमातील थराची पायरी गाळून थेट पेशींकडे जाण्याच्या घाईतून बहुसंख्य चुका संभवतात. सौम्य व मारक यांमधील सीमारेषा १९९८ व २०१८ मधील संशोधनांनी सरकवली आहे व ती पुढेही सरकू शकते. रुग्णवृत्तांनी केवळ अंतिम निदान न सांगता निदानाचा मार्ग, त्यातील वळणे व निष्फळ तपासण्या नोंदवल्या पाहिजेत.

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द रोगावरील उपचार आणि मताची छाननी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. अन्ननलिकेतील सौम्य गाठीसमोर या दोन्ही अर्थांची सारखीच गरज भासते. चिमटा पुढे करण्यापूर्वी, त्या तुकड्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, हे स्पष्ट असणे ही तेथील उपचाराची पहिली पायरी होय.